ग्राफिक्स कार्डाचे मोल

संगणकाच्या पडद्यावरचे चित्र ठिपक्यांचे असते आणि ते ठिपके वेळेत रंगवणे हे ग्राफिक्स कार्डाचे काम. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके बसतात. गेम ‘स्मूथ’ चालतो असे मुले म्हणतात, तेव्हा हे सगळे ठिपके सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने रंगत असतात. म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास. प्रत्येक ठिपक्यासाठी उजेड कुठून येतो, सावली कुठे पडते, भिंत ओली आहे की कोरडी, असे छोटे छोटे हिशेब करावे लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हुशार असला तरी एका वेळी थोडीच कामे हातात घेतो. कार्डावरच्या चिपचे उलट असते. तिच्यातले हजारो गणक एकेकटे साधेच, पण चिखलणीनंतर भाताच्या खाचरात उतरलेल्या बायकांच्या रांगेसारखे ते एकाच वेळी वाकतात आणि प्रत्येकाच्या हातून एक रोप लागते. आजच्या सर्वांत महाग गेमिंग कार्डात, आरटीएक्स ५०९० मध्ये, असे २१ हजार ७६० गणक आहेत. प्रश्न रांगेच्या लांबीचा नाही. खाचर केवढे आहे, हा आहे.

गेमसाठी वेगळे कार्ड ही कल्पना १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने रुजवली. १९९९ मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणताना ‘जीपीयू’ हा शब्द प्रचारात आणला, २००० च्या डिसेंबरात थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेण्याचा करार केला, आणि पुढे २००६ मध्ये एएमडीने एटीआय ही दुसरी मोठी कंपनी घेतली. तेव्हापासून बाजारात मुख्यतः दोनच नावे राहिली. इंटेलही अलीकडे उतरली आहे.

मराठी माणसाने पडद्यासाठी वेगळे कार्ड विकत घेण्याचा इतिहास मात्र गेमपासून सुरू होत नाही. १९८० च्या दशकातल्या पीसीच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळींच्या चौकटीत फक्त रोमन अक्षरे उमटत. त्यांचे साचे यंत्रातच कोरलेले असत. त्या चौकटीत ‘स्त्री’ लिहिणे म्हणजे गव्हाच्या चाळणीतून भगर चाळण्यासारखे होते. यावर आयआयटी कानपूरमध्ये एक उत्तर शोधले गेले आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ते वाढले. त्याचे नाव जिस्ट कार्ड. मोहन तांबे यांचे नाव या कामाशी जोडलेले आहे. हे कार्ड पीसीच्या खाचेत बसवले की ते अक्षरांचे संकेत पकडून मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे जुळवी, आणि इंग्रजीसाठी बनवलेल्या डॉसच्या प्रोग्रामांतही देवनागरी दिसू लागे. त्या वेळी हा खर्च चैनीचा नव्हता, कारण दुसरा मार्गच नव्हता. मग पीसी वेगवान झाले, पडदा मुळातच चित्ररूप झाला, आणि विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी व मंगल फॉन्ट आयतेच आले. जे काम करण्यासाठी कार्ड विकत घ्यावे लागे ते सॉफ्टवेअर फुकट करू लागले. कार्डात दोष काहीच नव्हता. त्याच्याभोवतीचे जग पुढे सरकले. महागडे कार्ड घेणाऱ्याने ही गोष्ट आठवावी, ती एवढ्यासाठी की पडद्याच्या धंद्यात हे वरचेवर घडते.

किमतींचा आलेख सरळ चढता आहे. एनव्हिडियाचे सामान्य ग्राहकासाठीचे सर्वांत वरचे कार्ड २०१७ मध्ये, जीटीएक्स १०८० टीआय, ६९९ डॉलरला जाहीर झाले. २०१८ चे २०८० टीआय ९९९ डॉलरला, २०२० चे ३०९० कार्ड १,४९९ ला, २०२२ चे ४०९० कार्ड १,५९९ ला आणि जानेवारी २०२५ चे ५०९० कार्ड १,९९९ ला. आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट. भारतासाठी ५०९० ची जाहीर किंमत २ लाख १४ हजार रुपये होती. एवढ्यात दोन साध्या मोटारसायकली येतील आणि वर पेट्रोलला पैसे उरतील. त्याच पिढीतले ५०७० कार्ड ५९ हजारांना जाहीर झाले. जाहीर किंमत आणि दुकानातली किंमत यांत सुरुवातीचे काही महिने बरेच अंतर असते, आणि ते अंतर ग्राहकाच्या बाजूने क्वचितच असते.

ही चढण केवळ लोभाची म्हणता येत नाही. चिप बनवणे महाग झाले आहे, हे खरे. पण त्याहून मोठे कारण असे की गेम खेळणारा आता या धंद्याचा मुख्य गिऱ्हाईक उरलेला नाही. जानेवारी २०२० मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाच्या सुमारे १०.९ अब्ज डॉलर उत्पन्नातले साडेपाच अब्ज, म्हणजे निम्मे, गेमिंगचे होते. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात एकूण उत्पन्न १३०.५ अब्ज झाले आणि त्यात गेमिंगचा वाटा ११.४ अब्ज राहिला. बाकीचा ओघ मुख्यतः कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांचा. ज्या दुकानदाराच्या दारात घाऊक व्यापाऱ्याचे ट्रक उभे आहेत तो पावशेर मागणाऱ्याशी घासाघीस करत बसत नाही. त्याला हाकलतही नाही, फक्त भाव सांगतो.

आता डोळ्यांचा हिशेब. सेकंदाला ६० चित्रे म्हणजे दर चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद. १२० झाली तर ८.३. वाचले साडेआठच्या आत. १२० ची २४० केली तर वाचतात चार. कार्डाचा जोर दर वेळी दुप्पट लागतो आणि हाती येणारा फरक दर वेळी निम्मा होतो. ३० वरून ६० वर जाणे कोणाच्याही डोळ्यांना कळते. ६० वरून १२० हे नेमबाजीचे गेम खेळणाऱ्याच्या हाताला कळते. त्यापुढचा फरक स्पर्धेत उतरणाऱ्यांपुरता आहे, आणि जुना पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवत असेल तर त्यांनाही तो दिसत नाही. नवे कार्ड आणि जुना मॉनिटर ही जोडी बाजारात फार दिसते. कार्ड दोनशे चित्रे काढते, पडदा साठ दाखवतो, आणि उरलेली विजेच्या बिलात जमा होतात.

फोर-के पडद्याची गोष्ट वेगळी. तिथे ठिपके ८२ लाख ९४ हजार ४००, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट. महागडे कार्ड खरोखर थकते ते इथे, आणि त्याची किंमत काही अंशी वसूल होते तीही इथेच. पण जगभरचे गेम खेळणारे कोणते यंत्र वापरतात याची स्टीम ही गेमविक्रीची सेवा दरमहा पाहणी करते. तिच्यात फुल एचडी पडदाच अजून निम्म्याहून अधिक जणांकडे दिसतो. २०१६ मध्ये आलेले जीटीएक्स १०६० हे मधल्या दराचे कार्ड त्या पाहणीत कित्येक वर्षे पहिल्या क्रमांकावर होते. २०२२ च्या अखेरीस त्याची जागा घेतली जीटीएक्स १६५० ने, म्हणजे त्याहूनही साध्या कार्डाने. जाहिरात ज्याची चालते ते कार्ड आणि घरोघर चालते ते कार्ड, ही दोन वेगळी कुळे आहेत.

जाहिरातीतले आकडेही सोलून पाहावे लागतात. ५०७० च्या घोषणेत एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ते ४०९० च्या तोडीचे काम देईल असे सांगितले. सुमारे एकतृतीयांश किमतीत तेवढाच जोर, असा त्याचा अर्थ लोकांनी लावला. प्रत्यक्षात ती तुलना कल्पित चित्रे धरून होती. कार्ड एक चित्र खरोखर काढते आणि पुढची तीनपर्यंत अंदाजाने मधे भरते. हालचाल त्यामुळे मऊ दिसते हे मान्य. पण बटण दाबल्यावर गेमने दाद देण्याची वेळ खऱ्या चित्रांवरच ठरते. मुळात सेकंदाला तीसच चित्रे निघत असतील तर पडद्यावरचा आकडा १२० दाखवतो आणि हाताला मात्र तीसचीच जडता जाणवते. दुधात पाणी घातल्याने चरवी भरते, तसे.

सुंदर गेमला महागडे कार्ड लागतेच असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केलेला ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विच या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला आणि त्यानंतर पीसीवर. स्विचमधली चिपही एनव्हिडियाचीच, पण बॅटरीवर चालणारी आणि आजच्या कुठल्याही कार्डापुढे अगदी दुबळी. तरी राजस्थानी वास्तू आणि पहाडी लघुचित्रांची रंगसंगती तिच्यावर उभी राहिली, कारण ती चित्रकाराने आधीच नेमकी केली होती. जे काम चित्रकार करत नाही ते कार्डाला करावे लागते. गेल्या काही वर्षांतले बरेच अवजड गेम याच कारणाने अवजड आहेत, असे म्हणण्यास जागा आहे.

आता ते महागडे कार्ड मोलगीला नेऊन पाहावे. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातले, देवगोई घाट चढून गेल्यावर सातपुड्यात लागणारे हे बाजारपेठेचे गाव. आसपासच्या पाड्यांवरची माणसे विकायला इथेच येतात आणि विकत घ्यायलाही इथेच. आमचूर, मोहाची फुले, चारोळी आणि नावाजलेली भगर हा इथला माल. गेम म्हणजे इथल्या मुलांसाठी आधी फोन, तसा तो बहुतेक भारतासाठीच. पण गावातला एखादा मुलगा नाशिक-पुण्याला शिकतो, नोकरीला लागतो, पहिल्या वर्षाच्या बचतीतून पीसी जोडतो आणि तो घरी आणून ठेवतो, असे धरले, तर महागड्या कार्डाची खरी परीक्षा तिथे होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात ती होत नाही. तिथे वीज, थंडावा आणि इंटरनेट ही तिन्ही गृहीत असतात.

पहिली गाठ विजेशी. ५०९० एकटे ५७५ वॉटपर्यंत वीज ओढते आणि त्यासाठी १००० वॉटचा एसएमपीएस घ्यावा असे कंपनीच सांगते. ५७५ वॉट म्हणजे छताचे सात-आठ साधे पंखे. रोज चार तास खेळले तर फक्त कार्डाचे २.३ युनिट. त्याच घराण्यातले २०२३ चे ४०६० कार्ड ११५ वॉटवर चालते. चार तासांना अर्धा युनिटही जात नाही. बिलापेक्षाही अडचण मोठी होते ती लाईट गेल्यावर. डोंगरातल्या लांबलचक वाहिनीवर पावसाळ्यात झाड पडते, डीपी जळते, आणि मग लाईट कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. ९०० व्हीएचा घरगुती इन्व्हर्टर सातशे वॉटच्या आसपास भार पेलतो. ५०९० बसवलेला पीसी भर खेळात तो भार ओलांडतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो. ४०६० चा पीसी त्याच इन्व्हर्टरवर तासाच्या वर सहज निघतो. व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने कार्ड जळेल ही भीती मात्र थोडी फुगवलेली आहे. चांगला एसएमपीएस कमी व्होल्टेज बऱ्यापैकी सोसतो. धोका असतो तो गेलेली लाईट धक्क्याने परत येते त्या क्षणाचा, आणि तो कमी करायला अर्थिंगही नीट हवे. जुन्या घरांत नेमके तेच नसते.

दुसरी गाठ इंटरनेटशी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ या गेमला १५० जीबी जागा लागते असे त्याच्या निर्मात्यांनीच लिहिले आहे. घरात फायबर नसेल आणि फोनवर दिवसाला दोन जीबी डेटा मिळत असेल, तर एवढा गेम उतरायला पंचाहत्तर दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कोणी फोनला हात न लावता. म्हणून अशा गावी गेम पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवरून प्रवास करतात. दर महिन्याला अद्ययावत होणारे, सतत जोडलेले राहू मागणारे नवे गेम या प्रवासात मागे पडतात. टिकतात ते एकदा घेतले की वर्षानुवर्षे चालणारे. २०१५ मध्ये पीसीवर आलेला ‘जीटीए ५’ त्यातलाच. त्याला दोन लाखांचे कार्ड कंटाळून पाहत बसेल.

तिसरी गाठ दुरुस्तीची, आणि तिच्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. वॉरंटी बहुधा तीन वर्षांची असते, पण ती वसूल करायला कार्ड खोक्यासकट घाट उतरून शहरात धाडावे लागते. दोन किलोचे कार्ड पाठवण्यापेक्षा अर्ध्या किलोचे पाठवणे सोपे.

मोलगीच्या बाजाराशी तुलना केली तर या कार्डाच्या बाजारातली एक उलटी गोष्ट उठून दिसते. हंगामात आमचुराची आवक वाढली की भाव उतरतो. ज्याला थांबता येते त्याला पुढे बरा भाव मिळण्याची आशा असते. पण ज्याच्या घरात पैशाची नड आहे, त्याला त्याच दिवशी, व्यापारी म्हणेल त्या भावाने द्यावे लागते. थांबणे ही तिथे पैसेवाल्याची मिरास. ग्राफिक्स कार्डात थांबण्याचा फायदा कमी पैसेवाल्याकडे येतो. नव्या कार्डाच्या किमतीतला मोठा भाग हा आज, इतरांच्या आधी मिळण्याचा असतो. दोन-तीन वर्षांनी तोच गेम दुरुस्त होऊन, सवलतीत, निम्म्या किमतीत येतो. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा भल्याभल्या यंत्रांवर अडखळत होता. ज्यांनी दोन वर्षे वाट पाहिली त्यांनी कमी पैशांत जास्त चांगला गेम खेळला. घाई नसलेल्या माणसाला या बाजारात कोणी नाडू शकत नाही.

याला अपवाद आहेत, आणि ते लहान नाहीत. २०२० ते २०२२ या काळात थांबलेल्यांचे नुकसान झाले. टाळेबंदीतली मागणी, चिपचा तुटवडा आणि कार्डांवर चालणारे इथेरियम या आभासी चलनाचे माइनिंग यांनी जुन्या कार्डांचेही भाव चढवले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने माइनिंगची पद्धतच सोडली, आणि तेव्हा कुठे त्या कार्डांचा पूर सेकंडहँड बाजारात आला. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे दर डेटा सेंटरांच्या मागणीने उसळले, त्याचा ताण कार्डांवरही आला. म्हणजे थांबण्याचा नियम शांत बाजाराचा आहे. मेमरी टंचाईत असताना गरजेचे कार्ड रास्त भावात दिसले तर ते घ्यावे.

जुनेपणालाही तळ असतो. जीटीएक्स १० मालिकेची कार्डे २०१६ मध्ये आली आणि नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर त्यांना ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले. नऊ वर्षे हे आयुष्य कोणत्याही विजेच्या वस्तूला शोभणारे आहे. पण डिसेंबर २०२४ चा ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ चा ‘डूम: द डार्क एजेस’ हे गेम रे ट्रेसिंगची सोय असलेल्या कार्डाशिवाय सुरूच होत नाहीत. प्रकाशकिरणांचा माग काढण्याची ही सोय आरटीएक्स नावाच्या कार्डांत २०१८ पासून आहे, १०६० किंवा १६५० मध्ये नाही. तसेच ८ जीबी मेमरीचे नवे कार्ड घेणे आता दूरदृष्टीचे नाही. मेमरी भरली की चिप कितीही जोरकस असो, चित्र झटके खाते. या बाबतीत १२ जीबी असलेले २०२१ चे आरटीएक्स ३०६० हे नंतरच्या ८ जीबीच्या ४०६० पेक्षा काही गेममध्ये निर्धास्त चालते. नव्याने जुन्यापुढे हात टेकावेत, असे हे उदाहरण.

मग दोन लाखांचे कार्ड कोणी घ्यावे? फोर-के पडदा आधीच आहे, वीज खात्रीची आहे आणि पैसा कशातून काढून द्यावा लागत नाही, त्याने. किंवा ज्याचे पोट त्यावर चालते त्याने: ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करणारा, व्हिडिओ संपादन करणारा, घरच्या यंत्रावर एआयची मॉडेले चालवणारा. त्याच्यासाठी ५०९० ची ३२ जीबी मेमरी हे अवजार आहे आणि अवजाराचा हिशेब कमाईशी लागतो. निव्वळ गेमसाठी, तेही फुल एचडी पडद्यावर, ते घेण्याला एकच कारण उरते, हौस. हौसेला मोल नसते असे म्हणतात ते खरे आहे, पण मग फ्रेम रेटचे तक्ते दाखवून तिला गरज ठरवू नये.

बाकीच्यांसाठी पैसे कशावर आधी जावेत याचा क्रम जाहिरातीच्या उलट आहे. आधी खात्रीचा एसएमपीएस आणि यूपीएस, मग एसएसडी, मग १२० किंवा १४४ चित्रे दाखवणारा मॉनिटर, आणि उरलेल्या पैशात एक पिढी जुने, मधल्या दराचे कार्ड. ज्याला अभ्यास आणि अधूनमधून हलके गेम एवढेच हवे, त्याने कार्ड घेऊच नये. रायझेन ५ ८६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये चित्र काढणारा भाग आतच असतो आणि बहुतेक लोकप्रिय गेम कमी सेटिंगवर त्याच्यावर चालतात. पुढे पगार वाढला तर कार्डाची खाच रिकामीच असते.

सेकंडहँड कार्ड घेताना माइनिंगला वापरलेले आहे का, याची धास्ती लोक फार घेतात. माइनिंगमध्ये चिप एकाच तापमानाला स्थिर चालत असते, त्यामुळे ती सहसा झिजत नाही. झिजतात पंखे, आणि वाळते ती चिप व धातूच्या मधली थर्मल पेस्ट. दोन्ही थोडक्या पैशांत बदलता येतात. जास्त जपायचे ते उघडून पुन्हा डाग दिलेल्या कार्डापासून. म्हणून कार्ड विकणाऱ्याच्या पीसीवरच अर्धा तास अवजड गेम चालवून पाहावा, पंख्याची घरघर ऐकावी, तापमान ऐंशीच्या खूप वर जाऊन थांबत नाही ना हे पाहावे, काळ्या पडद्यावर रंगीत ठिपके चमकतात का याकडे लक्ष द्यावे, आणि बिलावरचा अनुक्रमांक कार्डामागच्या स्टिकरवरच्या अनुक्रमांकाशी जुळवून मगच पैसे मोजावेत.